स्टॅन्ली बंधूंची कोलंबियातील बावीस गाणी: सोलापुरातून एक परीक्षण

'द कम्प्लीट कोलंबिया स्टॅन्ली ब्रदर्स' ही १९९६ साली प्रसिद्ध झालेली सीडी आहे. कार्टर आणि राल्फ स्टॅन्ली या भावांनी १९४९ ते १९५२ या काळात कोलंबिया कंपनीसाठी गायलेली बावीस गाणी तिच्यावर एकत्र मिळतात. ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताचा एक प्रकार, हे नाव आपल्याकडे फार थोड्यांच्या कानावर गेले आहे, आणि ज्यांच्या गेले आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना हे भाऊ माहीत झाले ते २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या चित्रपटामुळे, म्हणजे थोरला भाऊ जाऊन तीसहून अधिक वर्षे उलटल्यावर. चित्रपटाच्या वाटेने आलेल्या श्रोत्याच्या मनात धाकट्या राल्फचा म्हातारपणीचा, कापरा आणि धारदार आवाज घर करतो, तर कार्टर हे केवळ मुखपृष्ठावरचे एक नाव राहते. प्रत्यक्षात या जोडीच्या कारकिर्दीचा कणा कार्टर होता आणि तो समजून घेण्यासाठी याच चार वर्षांकडे जावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे. हे परीक्षण त्या मताच्या बाजूने लिहिलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सीडी मिळवण्याची कथा लांबवण्यासारखी नाही. नवी पेठेत एके काळी कॅसेटची दुकाने होती, तिथे आता मोबाइलची कव्हरे आणि चार्जर मिळतात. त्या काळीही तिथे अमेरिकी ग्रामीण संगीत कोणी मागितले असते तर दुकानदाराने फार तर जॉन डेन्व्हरची कॅसेट पुढे केली असती. त्यामुळे परदेशातील एका विक्रेत्याकडून वापरलेली प्रत मागवावी लागली, टपालखर्च सीडीच्या किमतीहून जास्त पडला, आणि डबी उघडली तर आतली पुस्तिकाच नव्हती. कोणत्या गाण्यावर कोण वाजवतो आहे हे त्यामुळे इकडून तिकडून जुळवत बसावे लागले. हीच गाणी मोबाइलवरच्या संगीत ॲपवरही ऐकता येतात, पण तिथे भावांची मूळ ध्वनिमुद्रणे, पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायलेल्या आवृत्त्या आणि राल्फने एकट्याने काढलेले अल्बम एकाच नावाखाली असे कालवलेले असतात की ऐकणाऱ्याला १९५० आणि १९७५ यांतला फरक कळू नये. सीडीचा पहिला फायदा हाच की ती चार वर्षांची एक स्पष्ट चौकट आखून देते.

चौकटीच्या आत शिरण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. ब्लूग्रासचा जनक केंटकी राज्यातला मँडोलिनवादक बिल मन्रो. १९४५ मध्ये त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदात लेस्टर फ्लॅट हा गायक-गिटारवादक आणि अर्ल स्क्रग्ज हा बँजो हे कातडी मढवलेले तारवाद्य तीन बोटांनी वाजवणारा तरुण दाखल झाला, आणि मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिन), बँजो, गिटार व डबल बास या पाच वाद्यांचा वेगवान, ढोल-ताशाविना चालणारा बाज पक्का झाला. वाद्यांना विजेची जोड नाही, तालवाद्य नाही, आणि गायकाचा सूर जितका वर जाईल तितका वर. आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो ते त्या काळी एका माणसाच्या एका वाद्यवृंदाचे संगीत होते. त्याचा प्रकार व्हायचा तर दुसऱ्या कोणीतरी ते उचलायला हवे होते. ते उचलणाऱ्यांत स्टॅन्ली बंधू सर्वांत आधीचे.

कार्टरचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा आणि राल्फचा २५ फेब्रुवारी १९२७ चा, दोघांचाही व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या डिकन्सन काउंटीतला. डोंगर, लाकूडतोड आणि कोळसा यांवर जगणारा तो मुलूख. वडील ली लाकडाच्या धंद्यात होते आणि जुनी गाणी गात. आई ल्यूसी जुन्या पद्धतीने, म्हणजे नखाची पाठ तारेवर खाली आपटून, बँजो वाजवत असे. राल्फ आयुष्यभर एक आठवण सांगत असे: घरात पाच डॉलर होते, त्यांत एक तर डुकरीण घेता येणार होती किंवा मावशीचा बँजो, आणि त्याने बँजो मागितला. घरातल्या या वाद्यापेक्षाही महत्त्वाचा ठरला तो चर्चमधला गळा. त्यांचे चर्च प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाचे, जिथे कोणतेही वाद्य चालत नाही. पुढारी एक ओळ उच्चारतो आणि मग सारी मंडळी ती ओळ संथ लयीत, हेलकावे देत, सुरांना वळसे घालत गाते. बुवांनी अभंगाचा चरण टाकावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तशी ही रीत. फरक इतकाच की टाळ आणि मृदंग काढून घेतले तर मागे जे उरेल तेवढेच तिथे असते. पंढरपूरच्या वाटेवरच्या जिल्ह्यात वाढलेल्या कानाला ही रीत परकी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या महायुद्धात दोघे भाऊ सैन्यात होते. राल्फ ऑक्टोबर १९४६ मध्ये सुटून आला आणि काही आठवड्यांतच त्यांनी 'क्लिंच माउंटन बॉइज' हा वाद्यवृंद उभा केला. आधी नॉर्टनचे छोटे रेडिओ केंद्र आणि वर्ष संपता संपता ब्रिस्टलचे डब्ल्यूसीवायबी केंद्र. ब्रिस्टल हे व्हर्जिनिया आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले गाव, आणि तिथला 'फार्म अँड फन टाइम' हा दुपारचा कार्यक्रम आसपासच्या राज्यांतल्या शेतकरी व खाणकामगार घरांत पोहोचत असे. रेडिओवर गायचे, त्याच वेळी संध्याकाळचा कार्यक्रम कुठल्या शाळेत आहे ते सांगायचे आणि मग मोटारीत वाद्ये कोंबून डोंगरातून तिकडे जायचे, असा हा धंदा होता. जॉन्सन सिटीच्या रिच-आर-टोन या लहान कंपनीने १९४७ पासून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली.

याच टप्प्यावरची एक घटना नसती तर या सीडीला अर्थच उरला नसता. मन्रोचा वाद्यवृंद 'मॉली अँड टेनब्रूक्स' हे घोड्यांच्या शर्यतीचे गाणे कार्यक्रमांत आणि रेडिओवर वाजवत असे. स्टॅन्ली बंधूंनी ते ऐकून उचलले, मँडोलिनवादक पी वी लँबर्ट याने ते मन्रोच्या थाटात गायले, राल्फने स्क्रग्जच्या तीन बोटांच्या पद्धतीने बँजो वाजवला, आणि १९४८ साली त्यांची ध्वनिमुद्रिका बाजारात आली. मन्रोने तेच गाणे त्याआधी ध्वनिमुद्रित केले होते खरे, पण त्याची ध्वनिमुद्रिका निघाली १९४९ मध्ये. नक्कल अस्सलाच्या आधी दुकानात पोहोचली. ब्लूग्रास हा एका माणसाचा ठेवा न राहता एक प्रकार झाला, याचा पहिला पुरावा म्हणून अभ्यासक याच ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवतात. मन्रोला मात्र हा इतिहास घडतो आहे असे वाटले नाही. त्याला ती चोरी वाटली. त्यानंतर कोलंबियाने, म्हणजे मन्रोच्याच कंपनीने, स्टॅन्ली बंधूंशी करार केला तेव्हा तो इतका संतापला की कोलंबिया सोडून डेक्का कंपनीकडे गेला. नकलाकार म्हणून हिणवलेली दोन पोरे, एक तेविशीतला आणि एक बाविशीतला, मार्च १९४९ मध्ये नॅशव्हिलला ध्वनिमुद्रणासाठी गेली ती या वातावरणात.

त्या पहिल्या बैठकीतलेच 'द व्हाइट डव्ह' हे गाणे लावा आणि मन्रोची छाया किती पडली आहे ते स्वतः तपासा. जवळजवळ नाही. लय संथ आहे, बँजो पुढे घुसत नाही, आणि कार्टर पहिले कडवे असे म्हणतो की समोर माणूस बसला आहे आणि त्याला काही सांगायचे आहे. हे गाणे त्याने एका कार्यक्रमाहून रात्री परतताना मोटारीत लिहिले, असे राल्फ सांगत असे. गाण्यातला मुलगा व्हर्जिनियाच्या डोंगरांत आईवडिलांच्या मृत्यूचा शोक करतो. प्रत्यक्षात तेव्हा त्यांचे आईवडील दोघेही हयात होते आणि ल्यूसीबाई तर त्यानंतरही वीसहून अधिक वर्षे जगल्या. कार्टरला दुःख उसने आणता येत होते, आणि उसने आणलेले आहे हे कळू न देता गाता येत होते. गीतकाराला याहून मोठे कसब कोणते लागते, मला माहीत नाही.

पण या सीडीचे खरे मोल ध्रुवपदात आहे आणि तिथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या कानाला हे ऐकायची सवय नसते. आपल्याकडे दोघे एकत्र गातात तेव्हा एक तर दोघे एकच सूर धरतात किंवा जुगलबंदीत आलटून पालटून गातात. एकाच क्षणी तीन गळे तीन वेगळ्या सुरांवर उभे राहून एकच शब्द उच्चारतात, हे आपल्या परंपरेत बसत नाही. स्टॅन्ली बंधूंच्या ध्रुवपदात कार्टर मूळ चाल धरतो. राल्फ तिच्या वरच्या सुरावर, टेनरवर असतो. तिसरा आवाज, ज्याला बॅरिटोन म्हणतात, तो रिवाजाप्रमाणे मूळ चालीच्या खाली असायला हवा. पी वी लँबर्टने तो एक सप्तक वर उचलून राल्फच्याही डोक्यावर नेऊन ठेवला. परिणाम असा होतो की चाल सर्वांत खाली राहते आणि तिच्यावर दोन आवाज चढत जातात. कान सवयीने सर्वांत वरचा सूर पकडायला धावतो आणि तिथे त्याला चाल सापडतच नाही. 'द लोन्सम रिव्हर' हे कार्टरचेच गाणे यासाठी मुद्दाम निवडावे. कडव्यात नदीकाठी एकटा पडलेला माणूस एका आवाजात बोलतो, आणि ध्रुवपद येताच ते एकटेपण तीन आवाजांत फुटते. पहिल्या वेळी फक्त कार्टरचा आवाज धरून शेवटपर्यंत जावे, दुसऱ्या वेळी राल्फचा, आणि तिसऱ्या वेळी सर्वांत वरचा लँबर्टचा. तो सापडायला वेळ लागतो, कारण तो राल्फच्या आवाजाला इतका चिकटून जातो की दोन माणसे आहेत की एक, असा संभ्रम पडतो. हा उंच बॅरिटोन मन्रोकडून आलेला नाही. नक्कल करणारी मंडळी एक-दोन वर्षांत कुठे पोहोचली होती ते या एका युक्तीवरून कळते, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला हाच सर्वांत मोठा शोध आहे.

या गाण्यांचे शब्द कळले नाहीत तर काय, असा प्रश्न इथे काही जणांनी मला विचारला. 'द फील्ड्स हॅव्ह टर्न्ड ब्राउन' हे गाणे लागले असताना मंगळवेढा तालुक्यातून आलेले माझे मामा शेजारी बसलेले होते. ज्वारी आणि करडई यांपलीकडे त्यांना कशात रस नाही, आणि इंग्रजी येत नाही. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "कोण मेलंय रं ह्यात?" मी कथा सांगितली: एक मुलगा घर सोडून देशोदेशी भटकतो, आईवडील वाट पाहत राहतात, आणि तो परततो तेव्हा वाट पाहणारे कोणी उरलेले नसते, शेते तपकिरी पडलेली असतात. मी म्हणालो, "मामा, तिकडेही दुष्काळ पडला असेल." मामांनी मान हलवली. "दुष्काळ न्हाई. म्हातारी गेल्यावर पेरलंच नसंल कुणी." मी हे गाणे त्यापूर्वी अनेकदा ऐकले होते, त्यावर थोडेफार वाचलेही होते, आणि शेते कशाने वाळली हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. कार्टरची भाषा इतकी उघडी, अलंकारांविना आहे की ती शेत पाहिलेल्या माणसाला थेट कळते. आमच्यासारखे पुस्तकी श्रोतेच तिथे प्रतीके शोधत बसतात.

राल्फ या सीडीवर तुलनेने मागे आहे, पण जिथे पुढे येतो तिथे पुढची पन्नास वर्षे दिसून जातात. नोव्हेंबर १९५० मध्ये मुद्रित झालेले 'आय ॲम अ मॅन ऑफ कॉन्स्टंट सॉरो' तो एकटा गातो. हे गाणे मुळात केंटकीतला अंध गायक-वादक डिक बर्नेट याच्याशी जोडलेले, आणि स्टॅन्लींच्या घरी वडील ते गात असत. चित्रपटात त्याला जोरकस ठेका आणि सामूहिक प्रतिसाद मिळाला आहे, तो ऐकून या मूळ आवृत्तीकडे येणाऱ्यांची निराशा होऊ शकते, कारण इथे गाणे पळत नाही. राल्फ प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा सूर ताणून धरतो, चर्चमधल्या त्या संथ गायकीसारखा वळवतो आणि मग बाकीची ओळ सोडून देतो. 'प्रिटी पॉली' ही प्रेयसीच्या खुनाची जुनी इंग्रजी कथा आहे आणि तीही राल्फने एकट्यानेच गायली आहे. त्यातला बँजो मागे न राहता गाण्याची सारी भीती आपल्या अंगावर घेतो. बँजोची पाचवी, आखूड तार सतत एकाच सुरावर वाजत राहते आणि चाल तिच्याभोवती फिरते. इथे ती तार ऐकण्यासाठी आवाज थोडा वाढवावा लागला तरी हरकत नाही.

सीडीवर सगळेच असे नाही. बावीसपैकी सात-आठ गाणी मी पुन्हा मुद्दाम लावणार नाही. स्वर्गात भेटू, स्वर्गात देवदूत गात आहेत, स्वर्गात तुझे कोणी वाट पाहते आहे काय, अशा आशयाची गाणी एकामागोमाग आली की चांगल्या गायकीवरही साय धरते. प्रेमगीतांतले काही शब्द ठरीव साच्याचे आहेत आणि 'हे हे हे' हे गाणे केवळ जागा भरायला आले असावे. 'लिटल ग्लास ऑफ वाइन' त्यांनी रिच-आर-टोनसाठी आधी गायलेले होते आणि कोलंबियासाठी पुन्हा गायले. ही दुसरी आवृत्ती नीटनेटकी आहे, पण पहिलीतला ओबडधोबड जोर तिच्यात नाही. ध्वनीच्या बाबतीत तक्रार नाही. ही गाणी मुळात ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी मुद्रित झालेली, त्यामुळे प्रत्येक गाणे तीन मिनिटांच्या आसपास संपते आणि सारे काही मोनो आहे. डावा-उजवा आवाज वेगळा करून देणारे महागडे हेडफोन घेऊन काही लाभ होत नाही. माझ्याकडचा जुना एकस्पीकरी संच पुरेसा पडला, आणि आमच्या बाजूला दिवसभर चालणाऱ्या यंत्रमागांच्या खडखडाटातही राल्फचा सूर वरून निसटून ऐकू आला. फिडल तेवढी त्यात बुडते.

१९५१ हे वर्ष या जोडीसाठी वाईट गेले आणि सीडीच्या उत्तरार्धात त्याचे पडसाद आहेत. उत्पन्न आटले, वाद्यवृंद मोडला, भावांनी डेट्रॉइटला जाऊन फोर्डच्या कारखान्यात काही काळ काम केले, त्यांच्या मुलखातली हजारो माणसे तेव्हा करत होती तसे. मोटार अपघातात राल्फ आणि लँबर्ट जबर जखमी झाले. आणि ज्या मन्रोने त्यांना चोर ठरवले होते, त्याच मन्रोच्या वाद्यवृंदात त्याच वर्षी कार्टर गिटारवादक आणि मुख्य गायक म्हणून उभा राहिला. मन्रोच्या सुरांशी जुळवून घेताना त्याचा आवाज जास्त सैल, जास्त आत्मविश्वासाचा झाला, असे मला १९५२ सालच्या शेवटच्या बैठकीतली गाणी ऐकून वाटते, जरी त्या बैठकीतल्या शब्दांना पहिल्या दोन बैठकींची धार नाही. त्यानंतर कोलंबियाशी संबंध संपला आणि सीडीही तिथेच संपते.

सीडीची मर्यादा इथूनच सुरू होते, कारण पुढची चौदा वर्षे तिच्यात नाहीत आणि ती वर्षे उताराची असली तरी हलक्या मालाची नाहीत. १९५३ पासून मर्क्युरी कंपनीसाठी केलेली गाणी वाजवण्याच्या अंगाने अधिक तेज आहेत. चित्रपटाच्या शेवटी येणारे 'एंजल बँड' त्या काळातले, १९५५ चे. मग रॉक अँड रोल आले आणि ग्रामीण वाद्यवृंदांचा बाजार बसला. १९५८ साली भाऊ फ्लोरिडातल्या लाइव्ह ओक या गावी राहायला गेले आणि सिनसिनाटीच्या किंग कंपनीत दाखल झाले. कंपनीचा मालक सिड नेथन याला मँडोलिनपेक्षा गिटार पुढे हवी होती, म्हणून बिल नेपियर आणि पुढे जॉर्ज शफलर यांनी गिटारवर मुख्य वादन सुरू केले. शफलरची तारांवरून आडवी फिरणारी पद्धत आज गिटार शिकणाऱ्यांना धडा म्हणून दिली जाते, म्हणजे मालकाच्या व्यापारी हट्टातून एक शैली जन्माला आली. त्याच नेथनने त्यांच्याकडून 'फिंगर पॉपिन टाइम' हे नाचाचे गाणेही गाऊन घेतले, ते मात्र विसरलेले बरे. १९६० साली स्टारडे कंपनीसाठी गायलेले 'रँक स्ट्रेंजर' हे त्यांचे सर्वांत हृदयभेदक गाणे आणि त्याच साली बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेलेले 'हाउ फार टू लिटल रॉक' हे त्यांचे एकमेव यशस्वी गाणे, तेही दोघांच्या विनोदी सवालजवाबाचे. ज्यांनी ब्लूग्रासला इतके दिले, त्यांना लोकप्रियतेने दिले ते एवढेच, आणि एका थट्टेसाठी.

मार्च १९६६ मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. कार्टरचे यकृत दारूने पार पोखरलेले होते, आणि १ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो गेला. राल्फने नवे गायक जोडत वाद्यवृंद चालू ठेवला. लॅरी स्पार्क्स, रॉय ली सेंटर्स, कीथ व्हिटली, रिकी स्कॅग्ज अशी पुढे नावारूपाला आलेली माणसे त्याच्याकडून तयार झाली, आणि चर्चमधली वाद्यांविना गायकी त्याने व्यासपीठावर आणली. २००२ साली, पंचाहत्तरी पूर्ण झाल्यानंतर दोनच दिवसांनी, 'ओ डेथ' या वाद्यांविना गायलेल्या गाण्यासाठी त्याला ग्रॅमी मिळाले. २३ जून २०१६ रोजी तो गेला. या दीर्घ उत्तरार्धाचे मोल मी कमी करत नाही, पण राल्फच्या वाद्यवृंदात जे जे मुख्य गायक आले त्यांच्याकडून श्रोत्यांनी, आणि बहुधा राल्फनेही, ऐकू पाहिला तो कार्टरच. त्या अपेक्षेचे मूळ ऐकायचे तर ही बावीस गाणी आहेत.

सीडी कोणी घ्यावी याबद्दल मी थोडा कडक आहे. ज्याला चित्रपटातला ठेका हवा आहे त्याने चित्रपटाचेच संगीत घ्यावे. ज्याला बँजोची चपळाई ऐकायची आहे त्याने फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्याकडे जावे. राल्फचा बँजो तितका सफाईदार नाही आणि तसा असण्याचा त्याचा दावाही नव्हता. ज्याला गाणे गळ्यातून आणि शब्दांतून हवे आहे, भजनातला पडता-चढता समूहस्वर ज्याला आवडतो, त्याच्यासाठी ही सीडी आहे, आणि तिच्या पाठोपाठ मर्क्युरी व किंग काळातला एखादा संग्रह घ्यावा म्हणजे चित्र पुरे होते.

मागवताना एक काळजी घ्यावी. स्टॅन्ली हे नाव छापलेले असंख्य संग्रह बाजारात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच संग्रहांत हीच गाणी दिसतात, पण ती किंग काळात पुन्हा गायलेली किंवा राल्फने कार्टरनंतर दुसऱ्या गायकाबरोबर मुद्रित केलेली असतात. पाठीवर कोलंबियाचे नाव आणि १९४९ ते १९५२ ही साले नसतील तर ध्रुवपदातला तो सर्वांत वरचा, पी वी लँबर्टचा आवाज त्या प्रतीत सापडणार नाही. वापरलेली प्रत घेणार असाल तर विक्रेत्याकडून पुस्तिका आत आहे ना, याचे छायाचित्र आधी मागवून घ्यावे.